उजव्या कोपऱ्यातली बचत

आमचं तंत्र मंजूर झालं. व्हिडिओची फाइल पूर्वीपेक्षा चौदा टक्क्यांनी लहान झाली, बघणाऱ्या एकालाही फरक कळला नाही, आणि या चौदा टक्क्यांत एकट्या माणसाचा सगळ्यात मोठा वाटा माझा आहे; म्हणजे माझ्या कामाचा नव्हे, माझा. हे झालं. आता हे झालंच नाही असं धरून चालू. मी तरी तसंच चालतो आहे. सकाळी दाढी करतो, कार्ड टेकवून ऑफिसचं दार उघडतो, खुर्ची जरा वर, जरा खाली करून पुन्हा होती तिथेच आणतो, आणि कोणी अभिनंदन केलं तर कशाबद्दल, असं विचारतो. लोकांना वाटतं मी विनयाने बोलतोय. मी विनयाने आयुष्यात एकदाच बोललो, तेव्हा समोरच्याने ते खरं मानलं होतं.

तर, काही झालेलं नाही. सादरीकरणाच्या खोलीत दिवे मंद केलेले आहेत, विभागप्रमुख बाई पहिल्या रांगेत चष्मा पुसत बसल्या आहेत, आणि पडद्यावर आमच्या, म्हणजे आता आईच्या, घराचं स्वयंपाकघर आहे. स्वयंपाकघराच्या मधोमध नवा कोरा फ्रिज. बाबांनी कोणाचा तरी कॅमेरा मागून आणून त्याचं शूटिंग केलं होतं. आधी दार, मग हँडल, मग आतला दिवा, अंडी ठेवायच्या खाचा, बर्फाचा ट्रे, पुन्हा हँडल. दाराला हात लावून आई उभी आहे, तोंड आत घालून. दोन वेण्या घातलेली ताई फ्रिजला रेलून, आपण विकत घेतल्यासारखी. सगळं कसं लख्ख. हँडलवरच्या चकाकीत बाबांचा अर्धा कॅमेरासुद्धा दिसतो. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात एक तपकिरी फरकाटा आहे, चहा सांडून कोणीतरी घाईघाईने फडकं मारल्यासारखा. "हा डाग कसला?" बाईंनी विचारलं. "तो डाग नाही," पट्टी म्हणाला, "ती बचत आहे." खोलीत हशा झाला. मीही हसलो, सवयीने. विनोद कोणता ते नंतर बघता येतं. मग मला दिसलं की त्या डागाला वरच्या बाजूला पाय आहेत.

डागाला मी ओळखतो. तो नऊ वर्षांचा आहे, त्याने तपकिरी स्वेटर घातलाय, आणि तो डोक्यावर उभा आहे. तो का उभा आहे हेही मला माहीत आहे. घरात नवीन वस्तू आली होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते. त्याच्याजवळ तेवढी एकच विद्या होती. खोलीत टाळ्या वाजत होत्या, बाई "फ्रिज काय सुंदर दिसतोय" म्हणत होत्या, आणि मी दार नेहमीच्या बाजूने उघडून, नेहमीच्या वेगाने बाहेर आलो. एवढंच. कोणी विचारलं तर पाणी प्यायला गेलो होतो.

आमचं काम सांगायला सोपं आहे, म्हणूनच घरी कोणाला कळत नाही. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक चित्रं. प्रत्येक चित्राचे बारीक चौकोन पाडायचे. चौकोन बदलला नसेल तर तो पुन्हा पाठवायचा नाही, नुसतं कळवायचं, मागच्यासारखाच. थोडा सरकला असेल तर किती सरकला तेवढंच सांगायचं. आणि काही नवं आलंच, तर नाइलाजाने त्याच्यावर बिट खर्च करायचे. बिट म्हणजे माहितीचा सगळ्यात लहान दाणा. जिथे मूठभर टाकाल तिथे चित्र स्वच्छ, जिथे हात आखडाल तिथे धूसर. सगळी अक्कल हात कुठे आखडायचा यात आहे. हे शिकायला मला कॉलेजात चार वर्षं लागली, पण घरी ते आधीच चालू होतं. मी आईला फोन करतो. काय म्हणतेस? तेच. तब्येत? आहे तशीच. जेवलास? हो. बरं ठेवते. फक्त फरक पाठवायचा. फरक नसेल तर मागच्यासारखंच. ताईचे फोन मात्र तासभर चालतात, कारण ताईच्या आयुष्यात पुष्कळ हालचाल आहे. तिचा एक चौकोन जागेवर राहील तर शपथ.

नजरेची कल्पना आमच्या दोघांची. म्हणजे मला सुचली आणि पट्टीने ती नीट कापली. पट्टी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. तो चहासुद्धा कपात रेघ आखल्यासारखा ओततो, म्हणून पट्टी. माणसं चित्र सगळं बघत नाहीत, मी म्हणालो होतो, एखाद-दुसरी जागा बघतात आणि बाकीचं गृहीत धरतात; मग जिथे कोणी बघत नाही तिथे बिट कशाला घालायचे? हे मी डबा खाताना, तोंडात घास असताना म्हणालो. पट्टीने डबा बंद केला. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका जिवाने या कामाला लागलो, आणि माझ्या आईकडे जेवायला येणं हे त्याने कामातच धरलं. आई त्याला वाढताना म्हणायची, तूही माझाच मुलगा. मला हे ऐकायला बरं वाटायचं. आपण आहोत तितकं पुरेसं नसेल तर एक जोडीला आहे, असं काहीतरी.

आता रीत अशी की नवीन तंत्र तपासायला बाहेरचे प्रेक्षक बसवायचे, एका करड्या भिंतींच्या खोलीत, हनुवटी एका टेकूवर ठेवून, समोर पडदा, आणि पडद्याखाली, नजर कुठे जाते ते टिपायला, डोळ्यांवर रोखलेला छोटा कॅमेरा. बाहेरची माणसं जमवायला महिना जातो, म्हणून सगळेच आपापली घरची माणसं आणतात. पट्टीने त्यात सुधारणा केली. ज्यांना त्या चित्राची किंमत आहे त्यांनाच ते दाखवायचं, तो म्हणाला. ते जिथे बघणार नाहीत तिथे जगात कोणीच बघणार नाही. तिथे हात खुशाल आखडा. मला हे इतकं पटलं की मीच घरच्या कॅसेटची आठवण काढली. फ्रिजची कॅसेट. ताईने ती कधीतरी दुकानातून फाइल करून आणली होती, आणि मी ती कितीतरी वेळा पाहिली होती. खरं सांगायचं तर मी त्यात फक्त कोपरा पाहिला होता. पाय थरथरतायत का, स्वेटर वर सरकून बेंबी दिसतेय का. फ्रिज आहे हे मला ऐकून माहीत होतं.

पण ज्याने तंत्र केलं त्याने चाचणीत बसायचं नाही, हाही नियमच. म्हणून त्या दिवशी मी दाराबाहेर बिस्किटांची प्लेट घेऊन उभा होतो. माझी नजर धरली असती तर कोपरा हिऱ्यासारखा चमकला असता. आत पहिल्यांदा मामा गेला आणि टेकूवर हनुवटी ठेवून झोपला. बाहेर येऊन म्हणाला, छान काढलाय पिक्चर, जुने दिवस आठवले. भावजी वायरमन आहेत. ते पूर्ण वेळ फ्रिजच्या मागचं स्विचबोर्ड बघत होते. "अर्थिंग नाहीये रे त्याला," बाहेर आल्या आल्या ते मला म्हणाले, "तुम्ही सगळे जिवंत कसे?" त्यामुळे नव्या तंत्रात स्विचबोर्ड फार छान येतं, स्क्रूची खाचसुद्धा. ताईने ताईला पाहिलं. आणि आई शेवटी गेली, ठेवणीतले कपडे घालून, केस नीट करून, जणू समोरचा व्हिडिओ तिलाच बघणार होता. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे पाणावलेले होते. काय गं, मी विचारलं. "काय सुंदर होता रे," ती म्हणाली. मी तिला दोन बिस्किटं जास्त दिली. कर्ता कोण, हे त्या वाक्यात नव्हतं, आणि तिथला चौकोन मी मागच्यासारखाच धरला.

मागचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या घरात प्रत्येकाला एक गोष्ट मिळालेली आहे, जी आई चारचौघांत सांगते. ताईची गोष्ट तिने शाळेतल्या बाईंची सही कशी केली ही. माझी फ्रिजची. "हा मेला डोक्यावर उभा. सगळ्यांचं लक्ष फ्रिजकडे, पण माझे डोळे याच्यावरून हलतील तर ना. म्हणून तर पडला तेव्हा मला झेलता आला. नुसत्या खांद्यावर निभावलं." मग ती माझा डावा खांदा दाखवते, जो उजव्यापेक्षा जरा खाली आहे, आणि पाहुणे खांद्याकडे बघतात, आणि मी तो आणखी थोडा खाली करतो. एवढीच गोष्ट. पण परीक्षेत नापास झालो, एका मुलीने मला सांगितलं की तुझ्याशी बोलताना आपण एकटेच आहोत असं वाटतं, बाबा गेले आणि कोण कुठे उभं राहायचं ते कोणाला सुचेना, अशा प्रत्येक वेळी मी खांदा चाचपून पाहिला आहे. ज्याचा खांदा एवढा वाकडा त्याच्याकडे कोणीतरी नक्की बघत होतं. हाडाचा पुरावा. असा पुरावा लोकांकडे सहसा नसतो.

पट्टी मला जिन्यात सापडला. लिफ्ट असताना तो जिन्याने जातो, पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात म्हणून.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"काय?"

"डाग."

"अरे, तो डाग नाही—"

"माहितीये. बचत."

त्याने वरची पायरी सोडून खालच्या पायरीवर पाय ठेवला, म्हणजे आमची डोकी एका रेषेत आली. "नजरेचा नकाशा आला तेव्हाच दिसलं. तुला सांगणार होतो. मग म्हटलं, तू हसून घेशील."

"हसलोच की."

"मग झालं तर." आणि मला वाटलं संपलं, पण पट्टीला अर्धवट मोजमाप आवडत नाही. "आणि मी न विचारता काही केलेलं नाही. त्या दिवशी तू बिस्किटं आणायला खाली गेला होतास तेव्हा काकूंना विचारलं. म्हटलं, काकू, हा कोपरा जरा पुसट झाला तर चालेल का? तर म्हणाल्या, चालेल की, त्यात काय. फ्रिज नीट दिसू दे."

"कोपऱ्यात मी आहे हे सांगितलंस?"

"त्यांचं घर, त्यांचा व्हिडिओ. त्यांना मी सांगू?"

हे बरोबर होतं. पट्टीचं सगळं बरोबर असतं, हाच त्याच्याशी मैत्री करण्यातला धोका. मला त्याला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं, पण दोघं एकाच उंचीवर असल्यामुळे ते शोभलं नसतं. "उद्या जेवायला येतोयस ना?" मी विचारलं. "काकूंनी बोलावलंय," तो म्हणाला. मला कोणी बोलावलं नव्हतं. घरच्याला कोण बोलावतं. मी वर आलो आणि जागेवर बसलो. खुर्ची जरा वर, जरा खाली. दगा म्हटलं की काहीतरी मोठं असेल असं मला वाटायचं, दार आपटणं, पाठीत सुरा, निदान चढा आवाज. हा तर मी बिस्किटं आणायला गेलेलो असताना झाला होता. आणि चालेल की, त्यात काय. आई भाजीवाल्याशी याहून जास्त घोळ घालते.

दुपारी मी आईच्या नजरेची कच्ची नोंद उघडली. प्रेक्षक बसल्यावर सुरुवातीला नजर भरकटते म्हणून पहिले काही क्षण आम्ही टाकून देतो, सगळीकडे टाकतात. मी टाकलेलं उघडलं. आईची नजर म्हणजे एक लाल ठिपका. पडद्यावर स्वयंपाकघर येतं, मी अजून चित्रात आलेलो नाही, उजवा कोपरा रिकामा आहे, नुसती भिंत. आणि तो ठिपका कुठेही न भरकटता सरळ त्या रिकाम्या कोपऱ्यात जातो आणि थांबतो. अगदी स्थिर. मग डावीकडून तपकिरी स्वेटर येतो, हात टेकतो, पाय वर टाकतो, आणि ठिपका उठून फ्रिजकडे जातो. मी ते पुन्हा पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती वाट बघत होती. मी कुठे येणार हे तिला माहीत होतं, मी यायच्या आधीच तिचे डोळे तिथे जाऊन बसले होते, आणि आलो, सुखरूप आलो म्हटल्यावर ती निश्चिंत होऊन फ्रिजकडे वळली. लोक असंच करतात. मूल शाळेतून येईपर्यंत खिडकीत उभे राहतात आणि आलं की वळून गॅस बंद करायला जातात. आम्ही जे टाकून देतो त्यातच सगळं असतं, असं एक वाक्य मला सुचलं आणि ते मी ताबडतोब विसरलो, कारण ते पट्टीने चोरलं असतं. आणखी एक विचार मागून आला, की माणूस खोलीत आल्यावर उठून जाणारेही लोक असतात. त्याला मी बाहेरच उभं ठेवलं. माझा खांदा दिवसभरात पहिल्यांदा आपल्या जागी असल्यासारखा वाटला, म्हणजे खाली.

संध्याकाळी मी आईकडे गेलो. तो फ्रिज अजून आहे. गार करणं त्याने कधीच सोडलं, आता आई त्यात चादरी ठेवते. दार उघडलं की नॅप्थलीनचा वास येतो आणि आतला दिवा लागत नाही. ती घड्या घालत होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"आई, त्या दिवशी व्हिडिओ बघताना तू सुरुवातीला कोपऱ्यात बघत होतीस."

"कुठल्या?"

"या. मी यायच्या आधी."

तिने मान वळवून कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मी जरा सावरून उभा राहिलो. "अरे हो. ओल आली होती ना त्या भिंतीला. तुझ्या बाबांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं, फ्रिज नंतर आणा, आधी भिंत बघा. ते म्हणायचे, कुठे आहे ओल. बघ, व्हिडिओत आलीये की नाही. आज असते तर दाखवली असती."

"आणि मी आलो तेव्हा?"

"तू आलास तेव्हा झाकली गेली."

चादरीचं एक टोक तिने माझ्या हातात दिलं. आम्ही दोघं ताणून उभे राहिलो, एकमेकांकडे चालत आलो, टोकं जुळवली, पुन्हा लांब गेलो. "पण तू नेहमी सांगतेस," मी म्हणालो, "की तुझे डोळे माझ्यावरून हलले नाहीत. म्हणून झेललंस."

"सांगते ना."

"पण बघत होतीस का?"

"आता काय, कोर्टात उभं करणार आहेस मला?" ती म्हणाली, पण हसत. मग तिने चादर छातीशी धरली आणि फ्रिजच्या दारावर, हँडलच्या जरा खाली, तळहात फिरवला. "खरं सांगू का? तुला यानेच झेललं. तू धाडकन याच्यावर आलास आणि मग खाली. नाहीतर डोकंच आपटलं असतं तुझं ओट्यावर. मला आवाज आला तेव्हा मी आधी हे बघितलं, पोचा आलाय का म्हणून. नवा कोरा होता रे."

"आला होता?"

"अजिबात नाही. बघ ना हात लावून."

मी हात लावला. गुळगुळीत होतं. तेवढ्या जागेवर तर चित्रात सगळ्यात जास्त बिट पडले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ते त्याला मिळायला हवेतच. त्या दिवशी घरात माझ्या वाटेत उभा राहिलेला तो एकटाच होता. "आणि कोपरा पुसट झाला तर चालेल असं पट्टीला म्हणालीस," मी म्हणालो. "म्हणजे काय," आई म्हणाली, "ती ओल काय जगाला दाखवायची आहे? चांगला मुलगा आहे हो. विचारतो तरी." आणि ती चादरी आत लावू लागली, पाठ माझ्याकडे, तोंड फ्रिजमध्ये.

मी मोबाईल ओट्यावर ठेवला, खिशातली चिल्लर काढून त्याच्या शेजारी ठेवली, कोपऱ्यात गेलो, फरशीवर हात टेकले आणि पाय वर टाकले. विद्या विसरत नाही, फक्त जड होते. शर्ट गळ्याशी आला. रक्त कानांत आलं आणि तिथे एखाद्या जुन्या फ्रिजसारखं घुमायला लागलं. उलट्या जगात आईच्या टाचा दिसत होत्या, भेगा पडलेल्या, आणि फ्रिजचे चार गंजके पाय, आणि त्या सहा जणांपैकी एकही माझ्याकडे तोंड करून नव्हतं. पाय थरथरायला लागले. डावा खांदा म्हणाला, आता. मी थांबलो. आई चादरींवर चादरी रचत होती.

"पडशील," ती म्हणाली. वळली नाही.

मी पडलो नाही. हीच चूक झाली बहुतेक. हळूच पाय खाली आणले, शर्ट खोचला, चिल्लर खिशात घातली. कोपऱ्यातली ओल अजून आहे, जवळून बघितली. तिचा आकार साधारण डोक्यावर उभ्या असलेल्या मुलासारखा आहे, पण मी तसं बघायला गेलो म्हणून असेल. उद्यापासून हे तंत्र घरोघरी जाणार आहे. टीव्हीत, फोनमध्ये, लोकांच्या लग्नाच्या, बारशाच्या, नव्या वस्तूंच्या व्हिडिओंत, आणि प्रत्येकाच्या खाली उजव्या कोपऱ्यात जो कोणी उभा असेल त्याला काही कळणार नाही, कारण तो फक्त स्वतःलाच बघत असेल. म्हणून, कोणतं तंत्र सगळीकडे चालणार हे जी ठरवते त्या प्रमाण समितीला मी लिहिलं. समितीकडे फक्त बिट कमी करण्याचे प्रस्ताव स्वीकारले जातात. बिट वाढवण्यासाठी खिडकीच नाही. तरी लिहिलं, योग्य त्या भाषेत:

सबब विनंती करण्यात येते की, सदर चित्राच्या खालील उजव्या कोपऱ्यास दर सेकंदास किमान एक बिट राखीव ठेवण्यात यावा. तो फ्रिजच्या वाट्यातून वळता करण्यात येऊ नये. फ्रिजबाबत अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. सदर बिट तात्पुरत्या स्वरूपाचा असून, अर्जदाराच्या मातोश्रींची नजर, भिंतीवरील ओल वगळता अन्य कारणाने, सदर कोपऱ्यात गेल्याचे आढळून येताच तो समितीस वापरलेल्या स्थितीत परत करण्यात येईल.